संध्याकाळी फिरायला कोण नेतं?

रात्री दोनला तो आवाज सुरू व्हायचा. टप टप टप टप. बंड्या मागच्या पायानं कान खाजवायला लागला की त्याचं ढोपर फरशीवर आपटायचं, त्याचा. मग जरा शांतता, आणि मग चाटण्याचा ओला आवाज. पंजे. एकेक बोट सुटं करून, आपण आंब्याची कोय चोखतो तसं. पाच महिने घरातलं कुणी सलग झोपलं नव्हतं.

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर. रंगानं पिवळा, तेव्हा साडेतीन वर्षांचा, वजन ३१ किलो. घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. घरात आम्ही सहा माणसं: सासरे म्हणजे आबा, सासूबाई, नवरा, मी आणि दोन पोरं. ही शिरगणती मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कळलं की कुत्र्याच्या ॲलर्जीत कुत्रा एक आणि त्याला भरवणारे हात बारा, खरी मेख तिथंच असते.

खाज जुलैत सुरू झाली. कोल्हापूरचा पाऊस, भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पावसाळी बुरशी. एक इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा नवाकोरा! तीन आठवड्यांनी खाज परत. पुन्हा इंजेक्शन. अशी चार झाली. ते स्टेरॉइड होतं हे मला चौथ्या वेळी कळलं, तेही मी विचारलं म्हणून. बंड्या तेव्हा बादलीभर पाणी प्यायचा, घरात मुतायचा आणि सतत भुकेला असायचा. आम्ही त्याला शिव्या घालायचो, दोष औषधाचा होता.

डिसेंबर आला. हवा कोरडी, ओल गेली, भिंती वाळल्या. कुत्रा तसाच. पावसाळ्यातली बुरशी डिसेंबरात काय करतेय, एवढा एक प्रश्न मला पडला, आणि मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

या मॅडमनी पहिल्या भेटीत खाण्याचा विषयच काढला नाही. बारीक दातांच्या फणीनं पाठ विंचरली, निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवले आणि थांबल्या. पिसवांची विष्ठा असली तर कणाभोवती लालसर डाग पसरतो, कारण ते प्यायलेलं रक्तच असतं. डाग पडला नाही. मग त्वचा खरवडून खरजेचे किडे शोधले. ते नाहीत. मग बोटांच्या बेचक्यात चिकटपट्टी दाबली, निळ्या रंगात बुडवली आणि मायक्रोस्कोपखाली धरून मला म्हणाल्या, "बघा." जांभळ्या भुईमुगाच्या शेंगा पसरल्यासारखं दिसत होतं. यीस्ट. कानातल्या मळातही तेच. गेले काही महिने बंड्याला जो खवट, ओल्या मोज्यासारखा वास यायचा तो याचाच.

"म्हणजे बुरशीच की," मी म्हटलं.

"आहे. पण हे पाहुणे आहेत. दार कुणी उघडलं ते शोधायचंय."

तीन आठवडे आधी पाहुणे घालवले. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, आणि फेस अंगावर दहा मिनिटं राहिलाच पाहिजे. डिसेंबरच्या सकाळी ३१ किलोच्या कुत्र्याला दहा मिनिटं न्हाणीघरात धरून ठेवणं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. माझा नवरा दाराला पाठ लावून उभा राहायचा आणि घड्याळ बघायचा. वास गेला, कानातला काळा मळ गेला, खाज मात्र थोडीच उतरली.

तिथून पुढे खाण्याचा विषय निघाला. ऋतू बदलला तरी न थांबणारी खाज, ती कान, पंजे आणि पोटावर जास्त, बूड फरशीला घासत चालणं, दिवसातून चार-पाच वेळा शी. यातली एकही गोष्ट स्वतःहून काही सिद्ध करत नाही. धुळीतल्या किड्यांची किंवा परागकणांची ॲलर्जीसुद्धा हुबेहूब अशीच दिसते.

मी तयारीनं गेले होते. मधल्या काळात कुणीतरी सुचवलं म्हणून बंड्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट रंगीत. चिकन, तांदूळ, बटाटा, ओट्स, अशा डझनभर पदार्थांपुढे लाल रेघा. ओट्स तर या घरात कधी आलेच नव्हते. मॅडमनी तो कागद वाचला, घडी घालून मला परत दिला. "आधी विचारलं असतं तर पैसे वाचले असते." अन्नाची ॲलर्जी रक्तावरून, लाळेवरून, केसांवरून भरवशानं कळत नाही. सगळं खाणं बंद करून एकच ठेवायचं, आठ आठवडे वाट बघायची, मग एकेक पदार्थ परत देऊन बघायचा. खात्रीची तपासणी हीच, आणि तिची प्रयोगशाळा म्हणजे आपलं स्वयंपाकघर.

आठच आठवडे का, हेही मी विचारलं. २०१५ साली अशा कुत्र्यांच्या जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, त्यात पाच आठवड्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त कुत्री सुधारली होती आणि आठ आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडलं तर ती तपासणी झालीच नाही.

घरचा अभ्यास मिळाला. आठवडाभरात बंड्याच्या तोंडात जे जे जातं ते लिहून आणायचं. माझी यादी दोन पानं पाठपोट झाली. कुत्र्याचं विकतचं खाणं, रविवारच्या मटणाच्या नळ्या, चिकन, अंडी, पोळी, सासूबाईंच्या हातचा तूप लावलेला भाकरीचा काला, पोरांचं बिस्किट, पांढरा रस्सा. रस्सा वाचून मॅडमनी चष्मा काढला. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतं, ती ॲलर्जीची बाबच नव्हे, ते आजपासून कायमचं बंद. एवढं बोलून त्यांनी चष्मा परत लावला.

बेत असा होता की बंड्यानं जन्मात न खाल्लेलं एखादं मांस शोधायचं, कारण ॲलर्जी ओळखीच्याच प्रथिनाची होते. कोल्हापूरच्या घरात वाढलेल्या कुत्र्यानं न खाल्लेलं मांस! मटण गेलं, चिकन गेलं. मासे? रत्नागिरीचे पाहुणे आले की येतातच. डॉक्टर हसल्या आणि दुसरा रस्ता सांगितला: हायड्रोलाइज्ड खाणं. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या पहारेकऱ्याला ते ओळखू येत नाहीत. अख्खी नळी बघून आपण मांडीची की खांद्याची ते सांगू, खिमा बघून कोण सांगणार, तसं. किंमत ऐकून नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. बंड्याला दिवसाला चारशे ग्रॅमच्या आसपास लागणार, म्हणजे महिन्याला बारा किलो. आमच्या किराण्यापेक्षा त्याचं बिल जास्त झालं.

जानेवारीत सुरुवात केली. फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: "बंड्याला कुणीही काहीही खायला देऊ नये." चिकनच्या चवीची टूथपेस्ट बंद. गोचिडाची मांसाच्या चवीची गोळी बंद, त्याऐवजी मानेवर टाकायचे थेंब. कातड्याची चघळायची हाडं कचऱ्यात. जंताच्या बिनचवीच्या गोळ्या मी त्याच खाण्याच्या भिजवलेल्या दाण्यांत लपवायला शिकले. पहिले तीन आठवडे खाज दाबायला ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या होत्या, त्या मग थांबवल्या. गोळी चालू असताना खाण्याचा गुण की गोळीचा, हे कळणार कसं?

गोळ्या थांबल्या आणि पाचव्या आठवड्यात टप टप परत.

शी मात्र सुधारली होती, पोटावरचे लाल चट्टे निम्मे झाले होते. म्हणजे पूर्ण चूकही नाही, पूर्ण बरोबरही नाही. मॅडम एकेक विचारत गेल्या. पोरं? नाही, धाकटी तर आता बाल्कनीत जाऊन बिस्किट खाते. कामाच्या मावशी? सांगितलंय. मांजराची वाटी? मांजरच नाही.

"संध्याकाळी फिरायला कोण नेतं?"

"सासरे. पण ते सगळ्यात कडक आहेत. पोरांना तेच ओरडतात."

त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

चार दिवसांनी आबांना ताप आला आणि संध्याकाळी साखळी माझ्या हातात आली. मी रंकाळ्याकडे वळायला गेले तर बंड्यानं मला उलट्या दिशेला ओढलं. ओढलं म्हणजे फरफटवलं. गल्ली, बोळ, डावीकडे, आणि थेट गंगावेशीचा दूध कट्टा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी तिथं म्हशी बांधलेल्या असतात. गवळी तुमच्यासमोर कासेला बसतो, चरवीत धार काढतो आणि फेसासकट गरम दूध पेल्यात ओतून तुमच्या हातात देतो. तालमीतली पोरं, म्हातारे पैलवान, ऑफिसातून परतणारे, सगळे उभ्याउभ्या पितात. आबा तरुणपणी तालमीत होते. त्यांचा संध्याकाळचा पेला मला माहीत होता. मला माहीत नव्हतं ते हे: बंड्या एका ठरावीक म्हशीसमोर जाऊन शेपूट पायांत घेऊन शहाण्यासारखा बसला, आणि गवळ्यानं खुंटीवरचं एक पोचे पडलेलं ॲल्युमिनियमचं झाकण काढलं.

"आज आबा न्हाईत व्हय? या बंड्याशेट."

दोन धारा झाकणात. टणटण आवाज, मग फसफस. मी "नको" म्हणेपर्यंत झाकण चाटून लख्ख झालं होतं.

"कधीपासून देताय हो?"

"पिल्लू हुतं तवापास्नं की, वहिनी."

घरी आले तर आबा गोधडी पांघरून आरामखुर्चीत. मी समोर जाऊन उभी राहिले. माझ्या मनात पाच आठवडे आणि दीड पोतं खाणं यांचा हिशेब चालू होता.

"आबा, तुम्ही बंड्याला कट्ट्यावर दूध देता?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग फ्रिजकडे बोट केलं. "तुज्या कागदावर काय लिवलंय? 'खायला' देऊ नये. दूध खात्यात व्हय गं? दूध पित्यात."

मला हसूही येईना आणि रडूही. कारण म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्यांच्या लेखी दूध हा पदार्थच नव्हता, ते पाण्यासारखं, किंवा औषधासारखं काहीतरी होतं. मी कागद फाडला आणि नवा लिहिला: "खायला, प्यायला, चाटायला."

त्या रात्री त्यांनी प्रश्न मात्र चोख विचारले. पिल्लू असल्यापासून पितोय, मग तेव्हा का नाही झालं? मॅडमचं उत्तर मी त्यांना फोनच्या स्पीकरवर ऐकवलं: ॲलर्जी पहिल्या घासाला होत नाही, पदार्थाशी ओळख वाढत वाढत एक दिवस शरीर बिथरतं. वर्षानुवर्षं पचलेलं अन्नच बहुतेकदा दोषी निघतं. मग दूध सोसत नसेल तर जुलाब व्हायला नकोत का? तो वेगळा प्रकार. दुधातली साखर न पचणं ही पोटाची तक्रार, इथं भानगड दुधातल्या प्रथिनाची, आणि ती त्वचेवर उठते. म्हशीचं दूध गाईच्या दुधाहून वेगळं ना? या बाबतीत नाही, दोघींची प्रथिनं जवळजवळ सख्ख्या बहिणी. आबा म्हणाले, "पर आजून शाबित कुटं झालंय?" आणि तेही बरोबरच होतं. दूध संशयित होतं, दोषी नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर घड्याळ शून्यावर आणलं. यावेळी मी एकच बदल केला. भिंतीवरचं कॅलेंडर आबांच्या ताब्यात दिलं. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण द्यायचे, शी किती वेळा तेही लिहायचं. पैलवान माणूस, गुण द्यायला लागला की हातचं राखत नाही. पहिला आकडा ८. फिरायला जायचा रस्ताही त्यांनीच बदलला: आता रंकाळा. तिथं भेळेचे कागद आणि सांडलेले चुरमुरे, म्हणून बंड्याच्या तोंडाला जाळी आली. आबा तिला मुसकं म्हणायचे, बैलाच्या तोंडाला बांधतात ते. लोक विचारायचे, चावतो काय? आबा सांगायचे, "चावत न्हाई, पथ्य हाय त्येचं."

पाडवा आला, पुरणपोळ्या झाल्या, बंड्याला मागच्या खोलीत कोंडून आम्ही जेवलो. त्याच्या केकाटण्यानं पुरण घशाखाली उतरेना. जोतिबाच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा धाकटीनं त्याच्या गळ्यात पुठ्ठा अडकवला: "मला काही देऊ नका, मी आजारी आहे." पुठ्ठा त्यानं खाल्ला. मॅडमना विचारलं, पुठ्ठा चालेल म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात शी दोनवर आली. चौथ्या आठवड्यात एका रात्री मी दचकून उठले. आवाज आला म्हणून नव्हे, आला नाही म्हणून. चाटून चाटून पंज्यांवरचे केस लाळेनं गंजल्यासारखे तांबूस झाले होते. सहाव्या आठवड्यात बोटांच्या मुळाशी नवे फिकट केस दिसायला लागले. आठव्या आठवड्याच्या शेवटी कॅलेंडरवर आकडा होता २.

सासूबाईंनी नारळ फोडायचं ठरवलं. मॅडम म्हणाल्या, "आता परत बिघडवायचं."

यावरून घरात जे झालं ते सगळं लिहीत नाही. बरं झालेलं जनावर मुद्दाम आजारी पाडायचं? पण त्याशिवाय उत्तर पूर्ण होत नव्हतं. ऋतू बदलला होता, कान स्वच्छ झाले होते, बरं वाटण्याची कारणं दहा असू शकत होती. आणि शिवाय बाकीचे पदार्थ निर्दोष असतील तर कुत्र्याला जन्मभर त्या महागड्या दाण्यांवर का ठेवायचं? एका वेळी एक पदार्थ, जास्तीत जास्त चौदा दिवस. खाज उठली तर त्याच क्षणी बंद.

पहिलं चिकन, बिनमिठाचं, उकडलेलं. माझी पैज चिकनवर होती, कारण ज्याला विचारावं तो चिकनच म्हणायचा. चौदा दिवस, काही नाही. मग पोळी, तूप-तेल न लावलेली. काही नाही. मटण. या चौदा दिवसांत नवरा कॅलेंडरकडे देवाच्या फोटोकडे बघावं तसं बघायचा. काही नाही. अंडं, काही नाही.

जुलै उजाडला. दूध शेवटी ठेवलं होतं. आबा म्हणाले, कट्ट्यावर नको, घरात, सगळ्यांसमोर. अर्धी वाटी, त्यांनी स्वतः दिली. पहिला दिवस गेला. आबा खुशीत. दुसरा दिवसही बरा, फक्त रात्री एकदा पंजा चाटला. तिसऱ्या रात्री दोनला टप टप टप.

मी बाहेर आले तर दिवाणखान्यात दिवा नव्हता. आबा माझ्याआधी उठून फरशीवर बसले होते, बंड्याचा मागचा पाय हातात धरून. कान आतून लालबुंद, हात लावला तर चटका बसेल इतका गरम. मी दिवा लावला तसे ते उठले, कॅलेंडरपाशी गेले, चष्मा नव्हता म्हणून अगदी नाक लावून त्या दिवसाच्या चौकोनात ८ लिहिला. मग झोपायला गेले. काही बोलले नाहीत.

नंतर मी वाचलं ते असं. २०१६ साली २९७ ॲलर्जिक कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात बीफ ३४ टक्के कुत्र्यांना सोसत नव्हतं, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५, गहू १३, तांदूळ जेमतेम २. सगळे ज्याला नावं ठेवतात ते चिकन दुधाच्या खालीच. बीफ आमच्या घरी येत नाही म्हणून मी निर्धास्त होते, तर मॅडमनी आठवण करून दिली की मी फेकलेली ती चघळायची हाडं गाई-म्हशीच्याच कातड्याची असतात, आणि दुधातली काही प्रथिनं मांसातही असतात. ती हाडं परत आणली नाहीत.

आता बंड्याचं ताट साधं आहे: बिनदुधाचं नेहमीचं विकतचं खाणं, आठवड्यातून दोनदा चिकन, रविवारी मटणाचा बिनमसाल्याचा तुकडा. दुकानात मी पुडे उलटे धरून बारीक अक्षरं वाचत उभी असते. ग्लुकोज बिस्किटात मिल्क सॉलिड्स असतात हे मला चाळिशीत कळलं. तुपात प्रथिन नावालाच उरतं, तरी तेही बंद. सासूबाईंना "थोडं चालतं" हे सांगण्यात अर्थ नसतो, त्यांचं थोडं म्हणजे पळीभर. पावसाळ्यात पंजे अजून थोडे लाल होतात. मॅडमचा अंदाज आहे की हवेतल्या कशाचीतरी सौम्य ॲलर्जी जोडीला असावी. तेवढं शाम्पूवर भागतं.

मध्ये एकदा काहीही कारण नसताना आकडा ५ वर गेला. तीन दिवस डोकं खाजवलं. मग एका संध्याकाळी आबा कट्ट्यावरून आले, खुर्चीत बसले, आणि बंड्यानं दोन्ही पंजे त्यांच्या मांडीवर ठेवून त्यांच्या पांढऱ्या मिशा मन लावून चाटायला सुरुवात केली. ते डोळे मिटून बसले होते.

तेव्हापासून त्यांच्या खिशात एक ओला रुमाल असतो. बंड्याला ते कट्ट्यावर नेतात अजून, तो रस्ता त्याला सोडवत नाही. गवळी झाकणात पाणी देतो. बंड्या पाण्याचा वास घेतो, गवळ्याकडे बघतो, म्हशीकडे बघतो. आबा त्याच्याकडे पाठ करून पेला संपवतात आणि मिशा पुसतात, दोनदा.